तिसरा आग्रह

परिचय मेळाव्याच्या दिवशी तोताराम आबांनी प्रमुख पाहुण्यांच्या कूलरसाठी सर्व्हरचा प्लग काढला आणि खान्देशातली सगळी लग्नाळू मुलं-मुली एका क्षणात नाहीशी झाली.

मुलं-मुली तशी हॉलमध्येच होती, घामाने चिंब. नाहीसे झाले ते त्यांचे बायोडाटा, फोटो आणि पत्रिका. पडद्यावर एका मुलीचा अर्धाच फोटो अडकून राहिला, कपाळापासून नाकापर्यंत. तिचे वडील माइक हातात घेऊन, "हनुवटीही चांगली आहे हो तिची," असं सगळ्या समाजाला सांगत राहिले. प्रमुख पाहुणे मात्र गार हवेत डोळे मिटून बसले होते.

आबा जळगावचं 'शुभमंडप वधू-वर केंद्र' चालवतात आणि त्यांचे सर्व्हर मी सांभाळते. मी नूतन. पिंप्राळ्यात आई-बापूंसोबत राहते, वय बत्तीस, आणि माझाही बायोडाटा त्याच सर्व्हरवर आहे. म्हणजे त्या दिवशी मीही नाहीशी झाले होते. आईला बाकीच्या सगळ्यांपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी आबांनी मला केंद्रात बोलावून घेतलं. आपल्या हातून प्लग निघाला हे त्यांना मान्य होतं, पण एका प्लगने सगळं जातं म्हणजे काय, हे मान्य नव्हतं. मी त्यांना समजावलं. आपल्या फायली एका जागी नसतात, आबा. त्यांचे तुकडे करून जळगाव, चोपडा, शिरपूर, धुळे अशा सगळ्या शाखांच्या मशीनवर ठेवलेत, एकेक तुकडा तीन-तीन ठिकाणी. हरवलं काहीच नाही. फक्त कुठला तुकडा कुठे आहे हे एकाच मशीनला ठाऊक असतं, आणि तुम्ही प्लग काढलात तो नेमका त्याचा.

"म्हणजे कसं?"

"म्हणजे घरात साखर असते, पण डबा कुठे आहे ते आईलाच माहीत असतं. आई माहेरी गेली की साखर असून घरात बिनसाखरेचा चहा."

"मग उपाय?"

"आईसारखीच दुसरी एक बाई घरात हवी. जिला सगळं आधीच सांगून ठेवलंय अशी. पहिली गेली की तिने लगेच घर हातात घ्यायचं."

आबांनी आतल्या खोलीकडे बघितलं, तिथे त्यांच्या सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. "हे असं मोठ्याने बोलत जाऊ नको," ते म्हणाले.

ही दुसरी बाई, म्हणजे स्टँडबाय सर्व्हर, जळगावात ठेवून उपयोग नव्हता. जळगावची वीज गेली की दोन्ही बाया एकदमच जाणार. ती धुळ्याला हवी. धुळ्याची शाखा झुलाल नानांकडे, आणि झुलाल नाना म्हणजे आबांचे व्याही. आबांची मुलगी नानांची थोरली सून आहे. धुळ्याचं नाव निघालं की मला नको वाटायचं, त्याला आणखी एक कारण होतं. ते सांगतेच, पण आधी नानांचा राग सांगून घेते, कारण तो आधी आला.

नाना फोनवरच भडकले. राखीव? आम्ही? त्यांनी धुळ्याला असलं कुठलंही नवं मशीन ठेवायला साफ नकार दिला आणि मध्यस्थाला बोलावलं. मध्यस्थ पारोळ्याचे कौतिकभाऊ, ज्यांनी ती सोयरीक जमवली होती. आमच्याकडे लग्न एकदाच होतं, पण मध्यस्थाची नोकरी जन्मभराची असते. तर सर्व्हरच्या सेटिंगसाठी पारोळ्याला कौतिकभाऊंच्या ओसरीवर बैठक बसली. वांग्याचं भरीत होतं, कळण्याची भाकरी होती, आणि मधोमध माझा लॅपटॉप होता, ज्यावर कुणीतरी मिरचीचा ठेचा ठेवला होता.

"आम्ही आंडोरवाला शेतस," नाना म्हणाले. आंडोर म्हणजे मुलगा. मुलाकडचे. "आंडोरवाला राखीव? पंगतमा मांगे बसाडशात का आमले?"

आबा मुलीचे बाप. मुलीच्या बापाने व्याह्यापुढे मान खाली घालायची असते, पण मुख्य कार्यालय तर त्यांचंच. त्यामुळे त्यांची मान धड खाली जाईना, धड वर येईना. शेवटी कौतिकभाऊंनी तोंडातला घास संपवला आणि तोडगा काढला.

"देखा, धुळं राखीव नही. धुळं पाव्हना शे."

हे नानांना आवडलं. पाहुणा म्हटल्यावर मान आलाच. पण लगेच पुढचा प्रश्न आला. पाहुणा आपण होऊन पानावर बसतो का? जळगाव बंद पडलं म्हणून धुळ्याने आपणहून कारभार ओढून घ्यायचा, हे हावरटपणाचं झालं. त्याला आग्रह झाला पाहिजे. आणि पहिल्या आग्रहाला कुणी हो म्हणत नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला, 'एवढं म्हणताय तर' असं म्हणून बसायचं.

"मी करीन ना आग्रह," आबा म्हणाले.

"आबा, तुमचं मशीन बंद पडलेलं असणार," मी म्हटलं. "म्हणून तर हे सगळं."

नानांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "खरं शे. मरेल माणूस आग्रह कसा करी?"

यावर तासभर खल झाला. आबांचं म्हणणं, आधीच आग्रह करून ठेवावा, कायमचा. नानांचं म्हणणं, शिळा आग्रह चालत नाही. अखेर कौतिकभाऊ म्हणाले, "आग्रह मी करसू," आणि पारोळ्याला तिसरं मशीन बसवायचं ठरलं. जळगावचा श्वास थांबला की पारोळ्याने धुळ्याला विचारायचं.

मला हसू दाबता येत नव्हतं आणि रागही आवरत नव्हता. पण घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा तोंड बंद झालं. कुठलाही शहाणा इंजिनिअर एका हाकेला ओ मिळाली नाही म्हणून समोरच्याला मेला म्हणत नाही, दोन-तीनदा विचारून बघतोच. आणि दोघांतलं कोण जिवंत हे ठरवायला तिसरा साक्षीदार लागतोच. मोठमोठ्या कंपन्या ज्याला भारी नावं देतात ते या म्हाताऱ्यांनी भरीत खाता खाता ठरवलं होतं, तेही मानपानापायी. देव कुणाच्या हातून काय करून घेईल सांगता येत नाही.

नाना एवढ्यावर थांबले नाहीत हा भाग वेगळा. जळगाव परत सुरू झालं की धुळ्याने लगेच उठायचं, हे त्यांना हाकलून दिल्यासारखं वाटलं. म्हणून धुळ्याने आधी 'निघतो' म्हणायचं, थोडा वेळ उंबऱ्यात थांबायचं, आणि जळगावने टॉवेल-टोपी दिल्यावरच निघायचं. मी 'टॉवेल-टोपी' नावाची एक छोटी फाईल तयार केली. ती जळगावहून आली की धुळे उठणार. शिक्षणाचं चीज झालं म्हणतात ते हेच.

आता त्या दुसऱ्या कारणाबद्दल.

झुलाल नानांचा धाकटा मुलगा योगेंद्र. धुळ्याला ठिबक सिंचनाचं दुकान आहे त्याचं. दोन वर्षांपूर्वी ते लोक मला बघायला पिंप्राळ्याला आले होते. बाकीची स्थळं विचारतात तसं, स्वयंपाक येतो का, नोकरी सोडणार का, असलं त्याने काही विचारलं नाही. मी सर्व्हरचं काम करते म्हटल्यावर तो जरा वेळ विचार करत बसला आणि म्हणाला, "ते मशीन एकटं असतं तेव्हा काय करतं?"

"दुसऱ्या मशीनला विचारत असतं," मी म्हटलं. "आहेस का, आहेस का, असं. आणि दुसरं म्हणतं, आहे. त्याला आम्ही ठोका म्हणतो."

"सारखं?"

"सारखं."

"बरं आहे त्यांचं," तो म्हणाला. आणि मला तो आवडला. हे मी सरळ सांगून टाकते, कारण आमच्याकडे मुलीला मुलगा आवडला हे सरळ सांगायची पद्धत नाही आणि त्यामुळे बरेच घोळ होतात.

जाताना नाना उंबऱ्यात म्हणाले, "कळवतो."

नाही म्हटलं असतं तर मी दोन दिवस रडले असते आणि कामाला लागले असते. हो म्हटलं असतं तर आज ही गोष्ट सांगत बसले नसते. पण कळवतो! दोन वर्षं ते कळवत होते. मधल्या काळात कळलं ते बाहेरून, की पुण्याची कामिनी नावाची डॉक्टर मुलगी त्यांनी बघितली आहे आणि तिच्याकडून होकार येतोय. तो दोन वर्षं येतच होता. आणि दर सोमवारी अकराच्या सुमाराला नानांच्या पत्नी सुमनअक्का माझ्या आईला फोन करायच्या. "काय चाली ऱ्हायनं? तब्येत बरी शे ना? नूतननं कोठे जमनं नही ना?" आई सांगायची, नाही हो, अजून नाही. "बरं बरं," म्हणून त्या समाधानाने फोन ठेवायच्या. आईला वाटायचं, माया आहे. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

चैत्रात मी धुळ्याला मशीन बसवायला गेले. नानांनी घराच्या पुढच्या खोलीत सर्व्हरसाठी एसी लावून घेतला होता. त्या घरातला तो पहिला एसी. मशीनला कुंकू लागलं, हार पडला, शाल पांघरून नारळ ठेवला गेला. सोनगीरची पाण्याने भरलेली तांब्याची कळशी कुणीतरी थेट मशीनवर ठेवायला निघालं होतं, ती मी हवेतच पकडली. योगेंद्र वायर ओढून देत होता. माझ्याकडे बघत नव्हता, पण मी पक्कड म्हणायच्या आत पक्कड हातात येत होती.

जेवल्यावर मी नानांना स्टँडबायचं काम समजावून सांगत होते. हे मशीन जळगाव काय काय करतं ते बसल्या जागी बघत राहील, सगळं लक्षात ठेवेल, तयार राहील, पण स्वतः काही करणार नाही. जळगाव चालू आहे तोवर याला कुणी काही विचारणार नाही.

नाना मोठ्याने हसले. अगदी मनापासून, लेकीशी हसावं तसं.

"मले स्टँडबाय नको शिकाडू, पोरी. तुले आम्ही तसंच ठेवेल शे ना दोन वरीसपाईन!"

दोन वर्षांपासून तशीच ठेवलेली. मी पक्कड पेटीत ठेवली. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून ते आणखी प्रेमाने म्हणाले, "तुले आम्ही कव्हयच नही म्हनं नही. तू शेच ना. हातनं स्थळ सोडानं नही." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या हाताला दुष्टपणाचा वासही नव्हता. म्हणून तर मला कुठे आदळावं कळेना. योगेंद्र दारात वायरचं भेंडोळं घेऊन उभा होता. त्याने ऐकलं. त्याचे कान लाल झाले, त्याने भेंडोळं या हातातून त्या हातात घेतलं आणि तो बाहेर गेला. तेव्हा तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. अजूनही तो क्षण आठवला की मी त्याच्याऐवजी वाक्यं तयार करते.

पिंप्राळ्याला आल्यावर दोन दिवस मी कामातच डोकं घातलं. सोमवारी अकराला फोन वाजला तेव्हा मात्र मला सगळं लख्ख दिसलं. आहेस का? आहे. कुठे जमलं नाही ना? नाही. बरं. मी आईला म्हटलं, "ही माया नाही गं. हा ठोका आहे." आई म्हणाली, "असेना का. विचारतात तरी."

चैत्र सरता सरता धुळ्याचं मशीन आपोआप बंद पडायला लागलं, रोज दुपारी. मी गेले तर पुढच्या खोलीत अख्खं घर एसीत आडवं झालेलं. नाना, सुमनअक्का, थोरली सून, तिची पोरं, शेजारच्या दोन आज्या. आणि सर्व्हरवर त्याच्या सत्काराची शाल, खाली जमिनीपर्यंत. त्याचे हिरवे दिवे डोळ्यांवर येतात म्हणून सुमनअक्का रोज जेवणानंतर त्याला पांघरूण घालत होत्या. बाहेर बेचाळीस, घरातली माणसं गारठलेली, आणि ज्याच्यासाठी एसी आणला ते लोकरी शालीत भाजून निघत होतं. मी शाल काढली तर सुमनअक्का झोपेतच म्हणाल्या, "सत्कारनी शाल शे वो, फेकू नको."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहिली खरी परीक्षा झाली. लग्नसराईचे दिवस, केंद्रात तोबा गर्दी, आणि दुपारी जळगावचा इन्व्हर्टर धूर सोडून गेला. पारोळ्याने धुळ्याला विचारलं. धुळं म्हणालं, 'राहू द्या.' पारोळ्याने पुन्हा विचारलं. धुळं म्हणालं, 'खरंच नको.' तिसऱ्यांदा विचारल्यावर 'एवढं म्हणताय तर' म्हणून धुळ्याने कारभार हातात घेतला आणि एकही बायोडाटा अडकला नाही. नानांनी फटाके लावले. मीही माझ्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या, कारण काम चोख झालं होतं आणि ते माझं होतं.

गडबड परतताना झाली. जळगाव सुरू झालं, धुळं 'निघतो' म्हणून उंबऱ्यात उभं राहिलं, आणि नेमकं एरंडोलजवळ रस्त्याच्या कामात केबल तुटली. टॉवेल-टोपी पोचलीच नाही. आता जळगाव म्हणतंय मी मालक, धुळं म्हणतंय मी अजून निघालो कुठे. दोन्हीकडे कारभार चालू. बोदवडच्या अमृतसाठी जळगावने एक मुलगी सुचवून तिच्याकडच्यांनी घर बघायला यायचा दिवस पक्का केला, धुळ्याने दुसरी सुचवून तोच दिवस पक्का केला. या अमृतला सहा वर्षांत एक स्थळ आलं नव्हतं. रविवारी एक वऱ्हाड बोदवडला रेल्वेने उतरलं, दुसरं जीपने आलं, आणि दोन्ही एकाच ओट्यावर समोरासमोर बसली. अमृतच्या वडिलांनी देवाला हात जोडले आणि दोन्हीकडच्यांना जेवायचा आग्रह सुरू केला.

नंतर मी सगळ्यांना खडसावलं. उंबरा बंद. टॉवेल-टोपी माणसाने माणसाच्या हातात द्यायची, मशीनने नाही. आणि नवा नियम असा की, एक पुरतं बंद झाल्याचं पारोळ्याने स्वतः बघितल्याशिवाय दुसऱ्याला विचारायचंच नाही. दोघं एकाच वेळी पानावर नकोत. कौतिकभाऊंना हा नियम इतका पटला की ते तो पारोळ्यात भेटेल त्याला सांगत सुटले.

ज्येष्ठात कामिनीचं लग्न झालं, दुसऱ्याशीच. तिने नानांना साध्या, सभ्य भाषेत सांगितलं, की माझं तिकडे जमलं नसतं तर तुमच्याकडे हो म्हणणारच होते. नाना आठवडाभर जेवले नाहीत असं आबांनी सांगितलं. "आमले!" ते सारखे म्हणत होते म्हणे. "तिनी आमलेच हातमा धरी ठेवेल व्हतं! आंडोरवालासले!" मला आधी हसू आलं. मग योगेंद्रचे लाल कान आठवले आणि हसू गेलं. दोन वर्षं तोही कुणाच्या तरी हातातलं स्थळ होता, आणि त्याला सोमवारचा फोनसुद्धा नव्हता.

पुढच्याच गुरुवारी ते सगळे आमच्याकडे आले. नाना, सुमनअक्का, योगेंद्र आणि कौतिकभाऊ. आधी फोन नाही, निरोप नाही. जीप दारात थांबली आणि नारळ, साडी, पेढ्याचा खोका घेऊन माणसं आत. एक बंद पडलं की दुसरं सुरू होतं, यात कळवायचं काय? बापूंची धांदल उडाली. ते उघडेच झोपाळ्यावर बसले होते, सदरा उलटा घालून बाहेर आले. आईने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले होते आणि हात पोह्यांच्या डब्याकडे गेले होते.

कौतिकभाऊंनी खाकरून सुरुवात केली. "तिकडलं बठ्ठं बंद व्हई गयं. मी सोता देखी उनू." स्वतः बघून आलो, अगदी नियमाप्रमाणे. "आते इकडलं सुरू करानं." मग बापूंकडे बघून म्हणाले, "हेमराजभाऊ, तुमनं काय?"

बापू म्हणाले, "नूतन म्हणेल तसं." हे ते बोलतील असं मला वाटलं नव्हतं. उलट्या सदऱ्यातला तो माणूस मला त्या वेळी फार मोठा वाटला.

कौतिकभाऊ माझ्याकडे वळले. "मंग नूतन, हा म्हनानं ना?"

"नको," मी म्हटलं.

सगळे हसले. सुमनअक्का सगळ्यात जास्त. पोरीला रीत कळते, संस्कार आहेत, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. नानांनी पाठ टेकली आणि पाय पसरले.

"अशी काय करस वो. हा म्हन," कौतिकभाऊ म्हणाले.

"नको, भाऊ."

आता तर खोलीत आनंदीआनंद झाला. सुमनअक्कांनी पेढ्याच्या खोक्याची दोरी सोडली. नानांनी मांडीवर थाप मारून, "दोन झायात!" असं जाहीर केलं. आई पदराने डोळे पुसत होती. फक्त योगेंद्र हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, पहिल्यांदाच इतका सरळ.

कौतिकभाऊंनी टोपी नीट केली. पेढा आधीच त्यांच्या बोटांत होता, माझ्या तोंडात घालायला. "आते तिसरी खेप. नूतन, हा?"

"नको."

पेढा तसाच हवेत राहिला. नानांना वाटलं मोजण्यात चूक झाली. ते बोटांवर मोजून बघायला लागले, एक, दोन, आणि तिसऱ्या बोटावर थांबले. सुमनअक्का म्हणाल्या, "तिसरी व्हती ना ही?" कौतिकभाऊ माझ्याकडे बघत होते. एवढी लग्नं जमवली त्यांनी, पण तिसऱ्यांदा नाही आलं की पुढे काय करायचं ते त्यांच्या रीतीत नव्हतं. माझ्या प्रोग्रॅममध्येही नव्हतं. चौथ्यांदा विचारायची सोयच आम्ही कुणी केली नव्हती.

योगेंद्रने तोंड उघडलं. मी बघितलं, त्याने खरंच उघडलं. पण तेवढ्यात नाना उठले, "चला" म्हणाले, आणि तो उठला.

पाहुणा तसाच कसा जाईल म्हणून बापूंनी कपाटातून टॉवेल-टोपी काढली. नानांनीही नको म्हटलं नाही, नको म्हणायची कुणाची हिंमतच उरली नव्हती. ज्या घरातून नकार मिळाला त्या घरची कोरी टोपी घालून ते जीपमध्ये बसले. जीप पिंप्राळ्याच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी आई दारात उभीच होती.

मग तिने न प्यायलेल्या चहाचे कप गोळा केले. मोरीत ती घासत होती, मी विसळत होते. मध्येच ती म्हणाली, "तुला तो आवडायचा ना?"

"हो."

"मग?"

"आई, तिकडचं बंद पडलं म्हणून आले ते."

"ते खरं." ती कप घासत राहिली. "पण चौथ्यांदा विचारलं असतं तर? त्यानेच?"

नळाचं पाणी उगाच वाहत होतं, ते मी बंद केलं. "त्याने विचारलं असतं तर हो म्हटलं असतं," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

आईने ओल्या हातानेच माझं डोकं जवळ घेतलं. "येडी," ती म्हणाली. मला म्हणाली की त्याला, ते मी विचारलं नाही.

धुळ्याचं मशीन व्यवस्थित चालू आहे. जळगाव दोन-तीनदा पडलं, धुळ्याने दर वेळी दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा कारभार घेतला. आबा खूश आहेत. नानांनी मशीनसाठी एक मच्छरदाणी शिवून घेतली आहे, शाल बंद.

त्यानंतरच्या सोमवारी फोन आला नाही. अकराच्या सुमाराला आई सवयीने हातातलं काम टाकून फोनजवळ जाऊन बसली होती. मीही लॅपटॉप घेऊन तिथेच बसले होते.